शिवारापासून शिवणीपर्यंत

एकाच मापाचे दोन पांढरे टी-शर्ट घ्या, एक सेंद्रिय कापसाचा आणि एक साध्या कापसाचा. चोळून पाहा, उन्हात धरून पाहा, हवं तर प्रयोगशाळेत पाठवा. यातला सेंद्रिय कोणता, हे कोणीही छातीठोकपणे सांगू शकणार नाही. कापसाचा तंतू म्हणजे जवळपास निव्वळ सेल्युलोज. झाडाला शेणखत मिळालं होतं की युरिया, याची खूण त्यात उरत नाही. शेतात मारलेल्या कीटकनाशकाचा अंश बोंडावर राहिला असला, तरी कापड उकळताना, धुताना, ब्लीच करताना तो बहुतांशी निघून जातो.

म्हणून कपडा सेंद्रिय आहे की नाही, हे त्याच्या पूर्वेतिहासावरून ठरवावं लागतं. आणि हा इतिहास असतो कागदांत: बियाण्याच्या पावतीत, जिनिंगच्या वजनचिठ्ठीत, सूतगिरणीच्या लॉट रजिस्टरमध्ये, रंगखान्यातल्या रसायनांच्या यादीत, शिवणखात्याच्या हजेरीपत्रकात. सेंद्रिय कपडे बनवणाऱ्या कारखान्याला मिळणारं प्रमाणपत्र हा या कागदांच्या साखळीतला शेवटचा कागद. या प्रकरणात आपण ती साखळी पहिल्या कडीपासून पाहणार आहोत. ती कुठे पक्की आहे आणि कुठे कच्ची, हे कळलं की लेबलावर किती विसंबायचं तेही कळतं.

पहिली कडी: शेत

सेंद्रिय कापूस पिकवण्यात भारत जगात पहिला आहे. 2020-21 च्या हंगामात जगात सुमारे 3 लाख 42 हजार टन सेंद्रिय रुई तयार झाली, त्यात भारताचा वाटा 38 टक्के होता; तुर्कस्तान दुसऱ्या क्रमांकावर होता. जगातल्या एकूण कापसात सेंद्रिय कापूस मात्र जेमतेम दीड टक्का भरतो. आपल्याकडे मध्य प्रदेशातला निमाड म्हणजे खरगोन, बडवानी, धार हा पट्टा यात सगळ्यात पुढे आहे. ओडिशातले कालाहांडी, बलांगीर हे जिल्हे, गुजरात, राजस्थान आणि आपला विदर्भ ही बाकीची मोठी केंद्रं.

या शेतांसाठी केंद्र सरकारचा राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम 2000 साली सुरू झाला. एनपीओपी या नावानं तो ओळखला जातो आणि वाणिज्य मंत्रालयाच्या अखत्यारीतली ‘अपेडा’ तो चालवते. कापसासारख्या हंगामी पिकाला दोन वर्षांचा रूपांतराचा काळ लागतो. या काळात शेतकरी रासायनिक खत, कीटकनाशक, तणनाशक काहीही वापरत नाही, पण त्याचा माल पूर्ण सेंद्रिय म्हणून विकलाही जात नाही. उत्पन्न घटलेलं असतं आणि वाढीव भाव अजून हाती आलेला नसतो. सेंद्रियकडे वळलेले अनेक शेतकरी याच दोन वर्षांत माघारी फिरतात.

दोन-चार एकरांच्या कोरडवाहू शेतकऱ्याला स्वतंत्र प्रमाणपत्राचा खर्च झेपणारा नाही. म्हणून गटाची पद्धत आली. कमीत कमी 25 आणि जास्तीत जास्त 500 शेतकऱ्यांचा एक गट करायचा, गटानं स्वतःची अंतर्गत नियंत्रण यंत्रणा उभारायची. बोलीभाषेत तिला ‘आयसीएस’ म्हणतात. गटाचे स्वतःचे तपासनीस प्रत्येक शेताची पाहणी करतात, आणि बाहेरची प्रमाणन संस्था त्यांतली काही शेतं नमुन्यादाखल पुन्हा तपासते. नमुना किती घ्यायचा? अनेक वर्षं चाललेला हिशोब असा, की गटातल्या शेतकऱ्यांच्या संख्येचं वर्गमूळ काढायचं आणि जोखीम जास्त वाटली तर त्यात थोडी भर घालायची. गटात 400 शेतकरी असतील तर किमान 20 शेतांवर बाहेरचा माणूस जाणार. उरलेल्या 380 जणांसाठी गटाच्या आतल्या नोंदींवर विश्वास ठेवायचा. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे त्याची गरज पडणार आहे.

शेतावरची पाहणी कशी होते? चांगला तपासनीस पिकाकडे नंतर पाहतो, आधी गोठ्यात आणि घराच्या मागच्या पडवीत डोकावतो. तिथे औषधाची रिकामी बाटली सापडली तर बोलणं खुंटतं. मग तो विचारतो, “भाऊ, फवारणीचा पंप घरचा की मागून आणलेला?” हा प्रश्न महत्त्वाचा, कारण शेजाऱ्याच्या पंपात कालपर्यंत कीटकनाशक असेल तर त्यातून दशपर्णी अर्क मारला तरी शेत बिघडतं. बियाण्याची पिशवी आणि पावती तो मागतो. बांधाला लागून कोणाचं शेत आहे, तो काय फवारतो, वारा कुठून वाहतो, पावसाचं पाणी कुणाच्या शेतातून उतरतं, मध्ये किती ओळींचा पट्टा सोडला आहे, हे लिहून घेतो. शेवटी एकरी उताऱ्याचा अंदाज बांधतो. हा अंदाज म्हणजे त्या शेतकऱ्याला सेंद्रिय म्हणून विकता येणाऱ्या मालाची कमाल मर्यादा.

यातली सगळ्यात अवघड अट बियाण्याची आहे. सेंद्रिय शेतीत जनुक बदललेलं बियाणं चालत नाही, आणि भारतात 2002 साली बीटी कापसाला परवानगी मिळाल्यावर दहा-बारा वर्षांतच कापसाखालचं 90 टक्क्यांहून जास्त क्षेत्र बीटीखाली गेलं. बियाणं कंपन्यांनी साधं बियाणं बनवणं जवळपास सोडून दिलं. कृषी केंद्रात जाऊन बिगर-बीटी बियाणं मागणाऱ्याला हात हलवत परत यावं लागतं. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचं ‘सूरज’सारखं सरळ वाण किंवा अकोल्याच्या कृषी विद्यापीठाची देशी वाणं हा त्यावरचा उतारा आहे, पण पुरेसं बियाणं पेरणीच्या आधी हाती पडणं ही वेगळीच गोष्ट. शिवाय अनेक देशी वाणांचा धागा आखूड. सूतगिरणीला बारीक सुतासाठी 28 ते 30 मिलिमीटर लांबीचा हवा असतो. त्यात भर म्हणजे तणनाशक सोसणारं, परवानगी नसलेलं बियाणं. त्याला आपल्याकडे ‘चोर बीटी’ म्हणतात आणि ते गावोगाव फिरत असतं. मधमाश्या बांध ओळखत नाहीत, आणि जिनिंगमध्ये सरकी एकत्र झाली की पुढच्या हंगामाचं बियाणंही भेसळीचं निघतं.

मग शेतकरी हा खटाटोप का करतो? एक कारण भावाचं, दुसरं खर्चाचं, आणि तिसरं जिवाचं. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. सेंद्रिय कपड्याच्या जाहिरातीत बाळाच्या कोवळ्या त्वचेची काळजी नेहमी दिसते. फवारणी करणाऱ्या माणसाच्या फुप्फुसाचा उल्लेख तिथे नसतो, आणि सेंद्रिय कापसाचा पहिला लाभार्थी तोच असतो.

दुसरी कडी: वजनाचा हिशोब

कापूस शेतातून निघाला की शेतीचं मानक संपतं आणि कापडाचं सुरू होतं. इथून पुढचं जगभर सर्वाधिक मानलं जाणारं मानक म्हणजे ग्लोबल ऑरगॅनिक टेक्स्टाइल स्टँडर्ड, अर्थात जीओटीएस. ते शेताला प्रमाणपत्र देत नाही; एनपीओपीसारख्या मान्य व्यवस्थेनं प्रमाणित केलेला कापूस ते कच्चा माल म्हणून स्वीकारतं. ‘जीओटीएस कापूस’ असा शब्दप्रयोग म्हणूनच चुकीचा आहे. जीओटीएस असतं ते कापडाला आणि कपड्याला.

जिनिंग, सूतगिरणी, विणकाम, रंगाई, शिवण आणि निर्यात या प्रत्येक टप्प्यावरच्या कारखान्याला स्वतःचं प्रमाणपत्र लागतं. या कारखान्यात अमुक प्रक्रिया मानकानुसार होऊ शकतात, एवढं ते सांगतं. व्यापारात त्याला ‘स्कोप सर्टिफिकेट’ म्हणतात. पण तो कारखाना साधा मालही बनवत असतो. त्यातला नेमका कोणता माल सेंद्रिय, हे सांगणारा दुसरा कागद म्हणजे व्यवहार प्रमाणपत्र, गिरणीतल्या भाषेत ‘टीसी’. जिनरनं सूतगिरणीला माल विकला की टीसी, सूतगिरणीनं निटिंगवाल्याला सूत विकलं की टीसी. प्रत्येक कारखान्याच्या नावावर सेंद्रिय मालाचं एक खातं असतं आणि ते बँकेच्या पासबुकासारखं चालतं: आलेल्या टीसीनं जमा, गेलेल्या टीसीनं खर्च, आणि शिलकीपेक्षा जास्त काढता येत नाही.

तपासणीचा गाभा हाच आहे. एक उदाहरण सोडवून पाहू. एका ब्रँडनं दहा हजार टी-शर्टची मागणी नोंदवली, प्रत्येकाचं वजन 160 ग्रॅम. म्हणजे तयार माल 1,600 किलो. कापणीत गळ्याच्या, बाह्यांच्या चिंध्या जातात. 15 टक्के घट धरली तर कापड लागलं साधारण 1,880 किलो. निटिंग आणि रंगाईत सहा टक्के गेले असं धरलं तर सूत 2,000 किलो. उलटा हिशोब करत सूतगिरणीत शिरलो की मोठी घट भेटते. चांगल्या टी-शर्टचं सूत कोंबिंग केलेलं असतं, त्यात आखूड तंतू विंचरून बाजूला काढतात. रुईतून 72 टक्के सूत निघालं असं मानलं तर रुई लागली सुमारे 2,800 किलो, म्हणजे 170 किलोच्या साडेसोळा गाठी. जिनिंगमध्ये 100 किलो कापसातून 34 किलोच्या आसपास रुई निघते, बाकीची सरकी. म्हणजे कापूस झाला 82 क्विंटल. कोरडवाहू सेंद्रिय शेतात एकरी पाच क्विंटल धरले, तर दहा हजार टी-शर्टांच्या मागे साधारण सोळा-सतरा एकर रान उभं असलं पाहिजे.

तपासनीस नेमकं हेच करतो. तो वरून खाली येतो आणि खालून वर जातो, आणि दोन्हीकडचे आकडे जुळतात का ते पाहतो. एखाद्या गिरणीनं 2,800 किलो रुईतून 2,700 किलो कोंब्ड सूत काढल्याचं दाखवलं, तर तिच्याकडे जगातलं सर्वोत्तम यंत्र आहे किंवा मागच्या दारानं साधी रुई आत आली आहे. पहिली शक्यता तो फार वेळ मनात ठेवत नाही.

हिशोबाच्या जोडीला प्रत्यक्ष माल वेगळा ठेवण्याची सक्तीही असते. सेंद्रिय लॉट लावण्यापूर्वी जिन आणि प्रेस झाडून घ्यायचे, गाठींवर लॉट क्रमांक टाकायचा, गोदामात वेगळी जागा आखायची, सुताच्या कोनांना वेगळी खूण करायची. एकाच छताखाली दोन्ही माल चालवणाऱ्या गिरणीत रात्रपाळीच्या कामगाराला ही खूण कळते का, हे विचारणारा तपासनीस फायली चाळणाऱ्यापेक्षा जास्त शोधून काढतो.

तिसरी कडी: रंग, पाणी आणि माणसं

जीओटीएसच्या आधी जर्मनी, ब्रिटन, अमेरिका, जपान अशा प्रत्येक देशातल्या संघटनांची आपापली मानकं होती. तिरुपूरच्या एकाच कारखान्याला चार देशांत माल पाठवायचा तर चार वेगवेगळ्या तपासण्या. 2002 मध्ये जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फला झालेल्या परिषदेत यावर चर्चा सुरू झाली आणि चार देशांतल्या चार संघटनांनी मिळून 2005 साली पहिली सामायिक आवृत्ती काढली. चिन्ह आलं 2008 मध्ये. मे 2011 मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्यानं जीओटीएसचे कपडे तिथे ‘ऑरगॅनिक’ म्हणून विकायला मान्यता दिली. सातवी आवृत्ती मार्च 2023 मध्ये जाहीर झाली. 2023 पर्यंत जगभरात 14 हजारांहून अधिक कारखाने या मानकाखाली आले होते आणि त्यांत सर्वाधिक भारतातले होते.

लेबलाच्या दोन पायऱ्या आहेत. नुसतं ‘ऑरगॅनिक’ लिहायचं तर किमान 95 टक्के तंतू प्रमाणित सेंद्रिय हवेत. ‘अमुक टक्के सेंद्रिय तंतूंपासून बनवलेलं’ असं लिहायचं तर किमान 70 टक्के. उरलेल्या भागात काय असावं, यावरही बंधन आहे. तिथे थोडं इलॅस्टेन चालतं, पण साधा कापूस चालत नाही. ही अट वरवर उफराटी वाटते, पण तिच्यात शहाणपण आहे. एकाच कपड्यात सेंद्रिय आणि साधा कापूस मिसळायची मुभा दिली असती, तर भेसळ आणि परवानगी यांच्यात फरकच उरला नसता.

यानंतर येतो मानकाचा सगळ्यात जाड भाग: रसायनं. सेंद्रिय कापूस शुद्ध पिकवला आणि रंगखान्यात विषात बुडवला, तर काय साधलं? म्हणून रंगखान्यात येणारा प्रत्येक रंग, साबण, सॉफ्टनर आधी तपासून मान्य झालेला असावा लागतो. क्लोरीनचं ब्लीच बंद. त्याऐवजी हायड्रोजन पेरॉक्साइडसारखं ऑक्सिजनवर चालणारं ब्लीच वापरायचं. फॉर्माल्डिहाइड, विषारी जड धातू, कर्करोगकारक अमाइन सोडणारे अझो रंग यांना बंदी. अशा अझो रंगांवर भारत सरकारनंही 1997 मध्ये बंदी घातली होती, त्यामुळे हा नियम इथल्या रंगारी उद्योगाला नवा नव्हता. नवा होता तो छपाईचा. टी-शर्टवर रबरासारखं जाड चित्र असतं, ते बहुधा प्लास्टिसोल शाईचं असतं आणि ती पीव्हीसीपासून बनते. जीओटीएसमध्ये पीव्हीसी चालत नाही, मग पाण्यावर आधारित शाई घ्यावी लागते. ती पडद्यावर लवकर वाळते, छपाईची जाळी बुजवते, गडद कापडावर उठत नाही. कारागिराला नव्यानं हात बसवावा लागतो. बटणं, चेन, इलॅस्टिक यांनाही वेगळे नियम आहेत.

पाण्याची अट समजून घ्यायची तर तिरुपूरकडे पाहावं. भारतातल्या निर्यातीच्या होजिअरीची ही राजधानी नोय्यल नदीकाठी वाढली आणि तिच्या रंगखान्यांनी नदी मारली. खालच्या बाजूला शेतीसाठी बांधलेल्या ओरथुपालयम धरणात रंगीत, खारट सांडपाणी साठलं. अखेर जानेवारी 2011 मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं शहरातले सातशेहून अधिक रंगाई-ब्लीचिंग कारखाने बंद करायला लावले. एक थेंबही बाहेर न सोडण्याची व्यवस्था केल्याशिवाय ते उघडायचे नाहीत, अशी अट घातली. जीओटीएसची सांडपाणी शुद्धीकरणाची अट या पार्श्वभूमीवर वाचली पाहिजे. ओली प्रक्रिया करणाऱ्या प्रत्येक कारखान्यानं पाणी, वीज आणि रसायनांच्या वापराची नोंद ठेवायची, शुद्ध करूनच पाणी सोडायचं. खर्च मोठा आहे, म्हणून लहान रंगखाने या साखळीत सहसा टिकत नाहीत.

शेवटचा भाग माणसांचा. बालमजुरी नको, वेठबिगारी नको, संघटना करायचा हक्क हवा, कामाचे तास मर्यादित हवेत, बाहेर पडायचा दरवाजा पाळी चालू असताना कुलूपबंद नको. तामिळनाडूच्या काही सूतगिरण्यांत ‘सुमंगली’ नावाखाली गरीब घरांतल्या मुलींना लग्नाच्या रकमेचं आमिष दाखवून काही वर्षं वसतिगृहात बांधून ठेवण्याची पद्धत होती. अशा गिरणीतलं सूत कितीही सेंद्रिय असलं तरी या मानकात बसत नाही. नव्या आवृत्त्यांत आणखी एक गोष्ट आली आहे: कायद्यानं ठरलेलं किमान वेतन आणि कुटुंबाला माणसासारखं जगता येईल असं वेतन यांतली तफावत कारखान्यानं मोजून दाखवायची. मोजण्याची सक्ती आली, लगेच भरून काढण्याची अजून पुरती आलेली नाही.

एकसारखी दिसणारी लेबलं

दुकानात जीओटीएसच्या शेजारी आणखी दोन-तीन चिन्हं लटकत असतात आणि ग्राहक ती एकाच माळेचे मणी समजतो. ऑरगॅनिक कंटेंट स्टँडर्ड, म्हणजे ओसीएस, फक्त तंतूचा माग ठेवतं. कपड्यात सेंद्रिय कापूस किती, एवढंच ते सांगतं. रंग कोणता वापरला, कामगाराला किती मिळालं, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. त्याचं ‘ब्लेंडेड’ चिन्ह तर अवघ्या पाच टक्के सेंद्रिय तंतूवरही मिळू शकतं. ओएको-टेक्स स्टँडर्ड 100 हे 1992 पासूनचं लेबल बरोबर उलट्या टोकाला उभं आहे. ते तयार कपडा प्रयोगशाळेत तपासून त्यात अपायकारक द्रव्यं नाहीत, एवढं सांगतं. तान्ह्या मुलांच्या कपड्यांसाठी त्याची कसोटी सर्वात कडक आहे, पण कापूस कसा पिकला याबद्दल ते चकार शब्द काढत नाही. ‘बेटर कॉटन’मध्ये कीटकनाशक कमी आणि जपून वापरायला शिकवतात, बीटी बियाणं चालतं, तो सेंद्रिय कापूस नव्हे. ही सगळी लेबलं खरी असू शकतात. प्रत्येकाचा प्रश्न वेगळा, म्हणून उत्तरही वेगळं.

साखळी तुटते कुठे?

जानेवारी 2010 मध्ये जर्मनीतल्या एका अर्थविषयक दैनिकानं बातमी छापली: काही मोठे युरोपीय ब्रँड सेंद्रिय म्हणून विकत असलेल्या भारतीय कापसात जनुक बदललेला कापूस सापडला. तपासलेल्या नमुन्यांपैकी जवळजवळ 30 टक्क्यांत तो होता. शेणखत की युरिया हे तंतू सांगत नसला, तरी बीटीचं जनुक काही काळ सापडतं. रुईत, सुतात, कोऱ्या कापडात डीएनएचे तुकडे टिकून असतात. रंगाई-ब्लीचिंगनंतर ते नाहीसे होत जातात. म्हणून ही चाचणी घ्यायची तर साखळीच्या पहिल्या अर्ध्या भागात घ्यावी लागते. 2019 मध्ये तिची आंतरराष्ट्रीय कार्यपद्धतही ठरली.

त्याहून मोठा धक्का ऑक्टोबर 2020 मध्ये बसला. जीओटीएसनं स्वतःच जाहीर केलं की भारतातून आलेल्या कच्च्या कापसाच्या टीसी मोठ्या प्रमाणावर बनावट आहेत. या बनावट कागदांवरचा कापूस भरला 20 हजार टन, म्हणजे त्या वर्षीच्या भारतातल्या सेंद्रिय उत्पादनाच्या जवळपास एक षष्ठांश. अकरा कंपन्यांवर बंदी आली. फसवणुकीची रीत पाहण्यासारखी होती. टीसीवर क्यूआर कोड होता. तो मोबाइलनं टिपला की अपेडाच्या ‘ट्रेसनेट’ या संकेतस्थळाचं पान उघडायचं आणि त्यावर सगळे आकडे जुळायचे. फक्त ते पान सरकारी नव्हतं, त्याची हुबेहूब नक्कल होती. 2010 पासून चालू असलेल्या या संगणकीय व्यवस्थेवर एवढा विश्वास बसला होता की तिचा मुखवटा घालणाऱ्याकडे कोणी दुसऱ्यांदा पाहिलं नाही.

जानेवारी 2021 मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्यानं अपेडासोबतचा मान्यतेचा करार संपवला. अमेरिकेला जाणारा भारतीय सेंद्रिय शेतमाल त्यांच्या मान्यताप्राप्त संस्थांनी थेट तपासावा, असं ठरलं. जीओटीएसनं 2023 मध्ये युरोपीय अवकाश संस्थेच्या कार्यक्रमातून उपग्रहाची छायाचित्रं आणि संगणकीय विश्लेषण वापरून भारतातली कापसाची शेतं ओळखण्याचा प्रकल्प हाती घेतला. कागदावर सोळा एकर कापूस असेल तर आकाशातूनही सोळा एकर दिसला पाहिजे, असा त्याचा सरळ तर्क.

उपग्रह आणि जनुक-चाचणी दोन्ही उपयोगी आहेत, पण दोन्ही बाहेरून घातलेले पहारे आहेत. आता त्या 400 शेतकऱ्यांच्या गटाकडे परत जाऊ. बाहेरचा माणूस 20 शेतांवर येतो, बाकीच्या 380 शेतांचा भरवसा गटाच्या अंतर्गत नोंदींवर. या नोंदी ठेवणाऱ्याला पगार कोण देतो? कागदोपत्री गट शेतकऱ्यांचा असतो. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी तो चालवतो जिनर, व्यापारी किंवा सेवा देणारी कंपनी. व्यवहारात त्याला ‘मँडेटर’ म्हणतात. प्रमाणनाचा खर्च तो करतो, म्हणून प्रमाणपत्रही त्याच्याच हाती राहतं. शेतकऱ्याला त्या प्रमाणपत्रावर माल दुसऱ्या कोणाला विकता येत नाही. आपलं नाव सेंद्रिय यादीत आहे हेच माहीत नसलेले शेतकरी पत्रकारांना आणि संशोधकांना भेटले आहेत. ज्याला सेंद्रिय माल जास्त दाखवण्यात फायदा आहे, त्याच्याच हाती माल किती पिकला याची वही आहे. यात साखळी कच्ची राहिली नाही तरच नवल.

म्हणून जानेवारी 2025 मध्ये आलेल्या एनपीओपीच्या आठव्या आवृत्तीतला एक बदल कोणत्याही उपग्रहापेक्षा महत्त्वाचा वाटतो. शेतकरी गटांना स्वतःचं कायदेशीर अस्तित्व असावं, अशी तिची दिशा आहे. सहकारी संस्था किंवा शेतकरी उत्पादक कंपनी अशा रूपात गट स्वतःच्या पायावर उभा राहिला, तर प्रमाणपत्र त्याच्या मालकीचं राहील आणि जास्त भाव देणाऱ्याकडे तो जाऊ शकेल. मग खोटी आकडेवारी भरण्यात शेतकऱ्याचं नुकसान आणि खरी ठेवण्यात फायदा. नियम लिहून काम संपत नाही, हे सहकाराचा अनुभव असलेल्या महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको. नोंदणीकृत संस्थाही एखाद्याच्या खिशात जाऊ शकते.

ग्राहकाच्या हाती काय?

लेबल वाचताना चार गोष्टी पाहाव्यात. चिन्हाखाली ‘ऑरगॅनिक’ लिहिलं आहे की सेंद्रिय तंतूंची टक्केवारी. प्रमाणन संस्थेचं नाव आहे का. परवाना क्रमांक आहे का. आणि तो क्रमांक जीओटीएसच्या सार्वजनिक यादीत सापडतो का. यादी उघडायची ती पत्ता स्वतः टाइप करून. लेबलावरचा कोड आपल्याला कुठे नेईल याची हमी 2020 नंतर कोणी देऊ नये. ‘इको’, ‘नॅचरल’, ‘शंभर टक्के शुद्ध सुती’ या शब्दांमागे कोणतंही मानक नसतं. आणि एखाद्या दुकानदारानं “सूत प्रमाणित आहे, पण शिवलंय आमच्याकडे” असं सांगितलं, तर तो खरं बोलत असेलही, पण त्या कपड्यावर चिन्ह लावायचा त्याला हक्क नाही. एक कडी गळली की पुढची सगळी साखळी मोकळी.

प्रश्न उरतो किमतीचा. सेंद्रिय टी-शर्टसाठी मोजलेल्या जादा पैशातला बराचसा भाग तपासण्या, वेगळी गोदामं, शुद्धीकरण केंद्र आणि ब्रँडचा नफा यांत जातो. शेतापर्यंत त्यातला थोडाच झिरपतो. म्हणून ब्रँडला विचारायचा खरा प्रश्न प्रमाणपत्राच्या पलीकडचा आहे: हा कापूस कोणत्या गटाकडून घेतला, त्या गटाची मालकी कोणाची, आणि रूपांतराच्या दोन वर्षांत तुम्ही त्यांना काय भाव दिला? काही ब्रँड आता पेरणीपूर्वीच खरेदीचा करार करतात, बिगर-बीटी बियाणं पुरवतात आणि रूपांतराच्या काळातला कापूसही वाढीव भावानं घेतात. त्यांना मालाचा माग काढायला उपग्रह लागत नाही, कारण शेतकऱ्यांची नावं त्यांच्याच वहीत असतात. ज्यांना या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही, त्यांनी शेवटचा कागद तेवढा विकत घेतलेला असतो.